चंद्राचा धम्म, सूर्याचा दिवस

21 डिसेंबर, रात्री

आज वर्षातला सर्वांत लहान दिवस. बौद्ध देशांत या दिवशी काय काय करतात ते वाचत बसले होते. गंमत अशी, की विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, या दिवसाला काहीच स्थान नाही. भिक्खूंचं सगळं चालतं चंद्रावर. उपोसथ (नियमपठणाचा दिवस) पौर्णिमा-अमावास्येला, वर्षावास (पावसाळ्यात एका जागी राहणं) आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन महिने. सूर्य उत्तरेला वळला काय न् दक्षिणेला गेला काय, संघाचं काही अडत नाही. उलट दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात, बुद्धाच्या एका प्रवचनात, ग्रहणं वर्तवणं, सूर्य-चंद्र-नक्षत्रांच्या गतीवरून भाकितं सांगणं हे तिरच्छानविज्जेत, म्हणजे हलक्या विद्येत, मोडतं. भिक्खूने असल्या विद्येवर पोट भरू नये.

आणि जपानात बघावं तर शिंगोन पंथाच्या कित्येक विहारांत याच दिवशी होशी-मात्सुरी, ताऱ्यांचा विधी. (काही ठिकाणी तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सेत्सुबुनला करतात.) ज्याच्या वाट्याला त्या वर्षी जो ग्रह आला असेल त्याची शांती, होम करून. ग्रह नऊ, त्यात राहू-केतूसुद्धा! अमोघवज्र नावाच्या भिक्खूने आठव्या शतकात ग्रह-नक्षत्रांवरचा ग्रंथ चिनी भाषेत आणला आणि शिंगोनचा संस्थापक कूकाई याने तो 806 मध्ये जपानला नेला. सुत्ताने दाराबाहेर ठेवलेले नवग्रह चीनमार्गे थेट वेदीपाशी पोहोचले. खरं तर खटकायला हवं. मला हसू आलं.

मन रमलं ते कोरियात. तिथे या दिवसाला दोंगजी म्हणतात, आणि ‘धाकटं नववर्ष’ असंही. आपल्या लाल चवळीसारखे दिसणारे दाणे शिजवून त्यांची दाट पेज करतात, पतजुक. त्यात तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे सोडायचे आणि जितकं वय तितके खायचे. (आजी-आजोबांचं काय होत असेल?) विहारांतही पेज शिजते, बुद्धापुढे ठेवतात आणि मग येईल त्याला वाटतात. लाल रंगाला भुतंखेतं घाबरतात अशी समजूत, म्हणून पूर्वी ती दारावर, भिंतींवरही शिंपडत. मूळ कथा चिनी आहे: कुणा गोंगगोंगचा नाठाळ मुलगा याच दिवशी मेला आणि रोगराईचं भूत झाला, त्याला जिवंतपणी या लाल दाण्यांची धास्ती होती. कथेत बुद्ध कुठेच नाही. भिक्खूंनी तरी पेज नाकारली नाही, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. ऐन थंडीत गरम पेज वाटण्यासाठी सुत्ताचा दाखला कशाला हवा?

तिथेही चंद्र मध्ये येतोच. दोंगजी चांद्रमासाच्या पहिल्या दहा दिवसांत आली तर ती ‘मुलांची दोंगजी’. तेव्हा लहान मुलं असलेल्या घरी पेज करत नाहीत, वाफवलेल्या तांदळाचा पदार्थ करतात.

लडाखचा लोसर, म्हणजे नववर्षाचा सण, तर चक्क युद्धामुळे इकडे डिसेंबरात सरकला म्हणे. राजा जमयांग नामग्याल बाल्टिस्तानवर चालून जाणार होता, परत येऊ की नाही कोण जाणे, म्हणून त्याने नववर्ष आधीच उरकून घेतलं. अयनाशी त्याचा संबंध बहुधा योगायोगाचाच.

भूतानात न्यिलोची, म्हणजे याच अयनाच्या सणाची, सुट्टी 2 जानेवारीला असते. तोवर आकाशातलं अयन होऊन दहा-बारा दिवस उलटलेले. वांग्दी फोद्रांगकडची मुलं ‘लोले’ म्हणत घरोघर फिरतात, मिळालेला शिधा एकत्र शिजवून खातात.

राहिलं सोक्कुराम. कोरियातल्या ग्योंगजूजवळच्या डोंगरातली ही आठव्या शतकातली दगडी गुंफा. आतल्या बुद्धाचं तोंड आग्नेयेला, आजच्या सूर्योदयाच्या दिशेला आहे असं काही अभ्यासक मानतात. दुसरे म्हणतात, छे, तो समुद्रातल्या मुन्मू राजाच्या समाधीकडे बघतोय. दोन्ही दिशा जवळजवळ एकच, त्यामुळे वाद मिटायची चिन्हं नाहीत. माझं मत सूर्याला.