तीन भाऊ, एक कुलूप

कंधार तालुक्यातल्या त्या गावात स्थलांतराच्या नमुना पाहणीसाठी घरयादी करताना एकाच अंगणात तीन दारं लागली. मधल्या दारात म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली, डावीकडच्या दाराला गंजलेलं कुलूप. पाहणीच्या लेखी कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, त्यामुळे अंगण एक असलं तरी घरं वेगळी. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस सदस्य धरायचा नाही. त्याला 'घर सोडून गेलेला' म्हणून वेगळ्या तक्त्यात घ्यायचं: कधी गेला, कोणत्या देशात, कशासाठी, वर्षभरात पैसे किती पाठवले.

पैशाचं विचारलं की गाडी अडते. "नाव कापायला आलाव का बाबा?" मावशींनी मलाच विचारलं. रेशनकार्डावर तिन्ही पोरांची नावं चालू होती. अशा वेळी पोराचा फोन कधी येतो, सणाला येतो का, असं कडेकडेनं जावं लागतं. प्रशिक्षणात हे कोणी सांगत नाही. तिथे सगळा वेळ टॅबलेट चालू करण्यात जातो.

थोरला दहावी पास, रियाधमध्ये गवंडी. मधला नववी नापास, दुबईत. धाकटा डिप्लोमावाला, बायकोसह दोह्यात. दोन्ही लेकरं तिकडचीच. कुलूप त्याचं.

आता हे तिघं सरकारी नोंदीत शोधा. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी 'ई-मायग्रेट' पोर्टल आहे. त्यात करार, पगार, मालक, एजंटचा परवाना, दहा लाखांचा विमा, सगळं नोंदलं जातं. पण मुख्यतः कोणाचं? ज्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा, म्हणजे नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागेल असा शेरा आहे आणि जो ठरलेल्या १८ देशांत नोकरीला चाललाय, त्याचं. दहावी पास झालं की शेरा जातो, म्हणून थोरला आणि धाकटा त्यात नाहीत. मधल्याच्या पासपोर्टवर शेरा होता, पण एजंटानं त्याला व्हिजिट व्हिसावर नेलं आणि कामाचा व्हिसा तिकडे काढला. तोही सुटला. या वाटेनं किती जातात ते गावच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याला माहीत असतं.

विमानतळावर तरी? भारतीयांसाठी बाहेर जातानाचा हाताने भरायचा फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद झाला. रांग कमी झाली हे चांगलंच, पण जाण्याचं कारण लिहिलेला कागदही गेला. आता उरते पासपोर्टची नोंद. तीत माणूस सीमा ओलांडताना दिसतो, राहायला गेला की फिरायला ते कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या शिफारशींप्रमाणे दुसऱ्या देशात किमान १२ महिने राहणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. हे १२ महिने शिक्क्यावरून मोजायचे तर जाण्या-येण्याच्या नोंदी माणसागणिक जोडाव्या लागतात.

म्हणून मोजणी उलट्या टोकाला होते. २०२४मध्ये जगात ३०.४ कोटी स्थलांतरित, त्यात भारतातून गेलेले सुमारे १.८५ कोटी, हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज प्रामुख्याने जिथे लोक पोचले त्या देशांच्या जनगणनेवरून निघतो. अमेरिकेत जन्मदेश विचारतात, त्यामुळे तिकडचं नागरिकत्व घेतलेला लातूरचा इंजिनिअरही त्यात राहतो. आखाती देशांत बहुतेक नागरिकत्वावरून मोजतात, म्हणून दोह्यात जन्मलेली धाकट्याची लेकरं कोणतीही सीमा न ओलांडता स्थलांतरित ठरतात. आणि त्या आकड्यात 'भारत' असतो. कंधार नसतं, नांदेडही नसतं. केरळ १९९८ पासून ठरावीक वर्षांनी स्वतःची घरोघर पाहणी करतं, तेव्हा त्यांना जिल्हा दिसतो. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेला निदान चर्चेत तरी असतो.

पैशावरून माग काढावा तर थोरल्याचे बँकेत येतात, मधल्याचे "एक माणूस आणून देतो." पुढे मी विचारलं नाही.

तक्त्यात थोरला आणि मधला लिहिले, कारण ते निघाले तेव्हा मावशींच्या चुलीवर जेवत होते. धाकटा जाण्याआधीच वेगळा झालेला, म्हणून तो या घराचा नाही. त्याच्या घराचा म्हणावा, तर सांगायला घरात कोणी नाही. अख्खं कुटुंब गेलं की पाहणीतून अख्खंच सुटतं, हे या पद्धतीचं जुनं भोक आहे. त्या दारापुढे यादीत 'रिकामं' लिहिलं. रिकाम्या घरांतून निवड होत नाही.

"रिकामं कसं म्हणता? दोन सालाला येतेत की. गाद्या हायेत आत त्याच्या."

शेऱ्याच्या रकान्यात तेवढं लिहून ठेवलं. तो रकाना बेरजेत येत नाही.