पंचवीस गुणांची वही

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण विषय सक्तीचा केला, तेव्हा त्याच्या आराखड्यात शंभरपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष पाहणीसाठी राखले होते. वाणिज्य शाखेत शिकवताना त्या गुणांच्या कितीतरी वह्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत: मुखपृष्ठावर पृथ्वीचे चित्र, आत आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेला मजकूर आणि शेवटी माझी सही. त्या सह्यांचा मला आज संकोच वाटतो.

विद्यार्थ्यांत पर्यावरणपूरक उद्योगाची आवड निर्माण करायची, तर व्याख्यानांपेक्षा या वहीपासून सुरुवात करावी, असे माझे मत झाले आहे. पुण्यातील डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेचे उदाहरण मी वर्गात आवर्जून सांगतो. ऊस तुटल्यावर शेतात उरणारे पाचट शेतकरी जाळून टाकतात, कारण ते लवकर कुजत नाही आणि गुरांनाही फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय ते इतके हलके आणि फोफसे असते की गाडीभर नेले तरी वाहतुकीचा खर्च निघत नाही. ‘आरती’ने पाचट कारखान्याकडे आणण्याऐवजी भट्टीच शेतावर नेली, तिथेच कोळसा पाडला आणि त्याच्या भुकटीपासून कांडीकोळसा केला. या कामाला 2002 मध्ये आणि पुढे ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्राला 2006 मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. यातली मूळ अडचण वाहतूक-खर्चाची होती, हे कळल्यावर वाणिज्यची मुले (जी एरवी पर्यावरणाचा तास विज्ञानवाल्यांचा समजतात) सावरून बसतात.

गेल्या वर्षी एका गटाला मी उपाहारगृहातील उरलेले अन्न आठवडाभर तोलायला लावले. रोजचे वजन, बायोगॅस संयंत्राचा खर्च, वाचणारे सिलिंडर असा हिशेब मांडून त्यांनी नफाही दाखवला. मात्र कच्च्या मालाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिले होते. उपाहारगृहाच्या मालकांना विचारून या, असे मी सांगितले, तेव्हा ते उष्टे-खरकटे एक म्हैसवाले काका रोज संध्याकाळी नेतात आणि त्या बदल्यात दुधाच्या दरात सवलत देतात, असे समजले. मुले थोडी हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी तोच गट काकांच्या गोठ्यावर शेणाचे वजन विचारायला गेला होता.