अटलांटाची केस स्पर्धा: जाणाऱ्या टीमसाठी

अमेरिकेत अटलांटाला एमरी विद्यापीठाची जागतिक आरोग्य केस स्पर्धा असते. तिची केस, म्हणजे ज्यावर टीमने उपाय मांडायचा ती आरोग्य-समस्येची लेखी मांडणी, साधारण आठवडाभर आधी हातात पडते. भारतातून निघणाऱ्या टीमचा प्रवास नेमका त्याच आठवड्यात येतो आणि दारापासून दारापर्यंत एक अख्खा दिवस खातो. त्यामुळे केस वाचून प्रश्न कोणता सोडवायचा हे विमानात बसण्याआधी ठरवा. खर्चाचं कोष्टक आणि वाचायचे अहवाल लॅपटॉपवर उतरवून घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि भारताच्या वेळेशी फरक साडेदहावरून साडेनऊ तासांवर येतो. स्लाइड जमा करायची वेळ अटलांटाच्या घड्याळाने धरा.

टीम वेगवेगळ्या शाखांची लागते, नुसते एमबीबीएसवाले चालत नाहीत. हिशेब जमणारा एक जण हवाच. व्हिसाचे अर्ज टीम ठरताच सगळ्यांनी एकदम टाका. मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नसतो. एखाद्याचा अडकलाच, तर त्याचा भाग कोण बोलणार हे ठरलेलं असू द्या.

सादरीकरणाला 15 मिनिटं, मग परीक्षकांचे प्रश्न. टीमा पडतात त्या बहुधा इथे, आणि तेही खर्चाच्या स्लाइडवर. समजा, 60 आरोग्यसेविका, महिना 40 डॉलर, 18 महिने: 43,200 डॉलर. गुणाकार बरोबर आहे. पण दहा सेविकांमागे एक पर्यवेक्षिका धरली तर सहा जणींचा पगार कुठेय? प्रशिक्षण, प्रवासभाडं, सोडून गेलेल्यांच्या जागी नवी भरती? परीक्षकांत प्रत्यक्ष कार्यक्रम चालवलेली माणसं असतात. ती हेच विचारतात. तीन उपाय अर्धवट मांडण्यापेक्षा एकच घ्या आणि त्याचा पै-पैचा हिशेब द्या. (ॲप बनवतो म्हणणाऱ्या टीमांना तर फोन चार्ज कुठे करणार, इथपासून सुरुवात होते.)

विमानतळावरून मार्टाची (अटलांटाची शहर वाहतूक सेवा) रेल्वे पकडा, पण ती एमरीपर्यंत जात नाही. पुढचा टप्पा बसने किंवा टॅक्सीने. चौघे-पाच जण सामानासकट असाल तर टॅक्सीच बरी. सीडीसीचं (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) मुख्यालय विद्यापीठाला लागूनच, क्लिफ्टन रोडवर आहे. तिथलं संग्रहालय बघायचं असेल तर उघडं आहे का ते आधी तपासा आणि पासपोर्ट खिशात ठेवा. परदेशी पाहुण्याला त्याशिवाय आत सोडत नाहीत.