ख्रिस हॉय आणि काळी रेघ

ख्रिस हॉयची सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं सगळ्यांना ठाऊक असतात. मला विचाराल तर या स्कॉटिश सायकलपटूचा खरा कस लागला तो ‘किलो’मध्ये. एकट्यानं, उभ्या सायकलवरून सुटून, घड्याळाविरुद्ध १,००० मीटर.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणारच. सुरुवातीला मागचं चाक स्टार्ट गेटनं धरलेलं असतं. सुटायच्या ऐन क्षणी कंबर मागे नेऊन सगळं अंग पुढे झोकायचं. किंचित आधी झोकलं तर गेट चाक सोडत नाही आणि सगळा जोर तिथेच जिरतो. गिअर जड निवडला तर इथेच पाय अडतात, हलका निवडला तर पुढे पाय नुसते गरगरतात.

अथेन्स, २००४. हॉय सर्वांत शेवटी उतरला, तेव्हा फ्रान्सच्या आर्नो तूर्नानची वेळ लागलेली होती १:००.८९६. हॉयनं लावली १:००.७११. फरक ०.१८५ सेकंद, त्या वेगात जेमतेम तीन मीटर. आता गंमत बघा. ट्रॅक वाडग्याच्या कडांसारखा तिरका असतो, आणि २५० मीटरची फेरी मोजतात ती त्याच्या तळाशी असलेल्या काळ्या रेघेवर. वळणांवर रेघेच्या वीतभर वरून गेलात तर फेरीमागे जवळपास मीटरभर वाढतो, चार फेऱ्यांत साडेतीन-चार मीटर. म्हणजे सुवर्ण गेलंच! शेवटच्या फेरीत मांड्या पेटलेल्या असतात, खांदे डुलायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच चाक रेघेवरून वर सरकतं.

नंतर किलो ऑलिंपिकमधून वगळली. २००७ मध्ये तो बोलिव्हियातल्या, डोंगरात उंचावर वसलेल्या ला पाझला किलोच्या विश्वविक्रमासाठी गेला. एवढ्या उंचीवर हवा विरळ, अडथळा कमी. वेळ आली ५८.८८०. तूर्नानचा विक्रम होता ५८.८७५. सायकलच्या हिशेबात चार बोटं!

मग स्प्रिंट, म्हणजे दोघांची आमनेसामने शर्यत, आणि केरिन, म्हणजे वेग ठरवणाऱ्या मोटरबाइकमागून सुरू होऊन शेवटी सुसाट धावायची अनेकांची शर्यत. बीजिंगला २००८ मध्ये टीम स्प्रिंट (तिघांच्या संघाची शर्यत) धरून तीन सुवर्णं, लंडनला २०१२ मध्ये दोन. लंडनच्या केरिनमध्ये शेवटच्या फेरीत जर्मनीचा माक्सिमिलियान लेव्ही बाहेरून त्याला गाठून पुढे निघू लागला. हॉय आत, सर्वांत आखूड वाटेवर होता. ती त्यानं सोडली नाही, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात पुन्हा पुढे निघाला.