गुलाबी पिशवीतली कार्डं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांच्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, कंट्रोल कार्डं (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दुरुस्त करणं हा माझा धंदा. एप्रिलच्या एका दुपारी एका कारखान्याचे अण्णा आले आणि मेलेल्या कार्डांचा ढीग टेबलावर ओतला.

"पावसाळ्यात नेलेली अजून चालतेत की ओ. आता नेलेली लूमला लावली की बंद. पार्ट डुप्लिकेट टाकताय काय?"

राग आलाच, पण कार्डं उलटी करून पाहिली. जळका वास नाही, ट्रॅक काळा नाही, सप्लाय ठीक. बहुतेकांत इनपुटचा आयसी, म्हणजे चिप, मात्र लीक होता, आतून करंट गळत होता. व्होल्टेज वाढून जळालेलं कार्ड असं दिसत नाही. म्हटलं, चला, तुमचा स्टोअर दाखवा.

पत्र्याखालची तापलेली खोली. मी चंदेरी पिशवीत दिलेली कार्डं स्टोअरवाल्या मामांनी काढून जुन्या गुलाबी पिशव्यांत भरली होती. "ह्यातनं नंबर नीट दिसतोय," मामा म्हणाले. पिशव्यांच्या मध्ये थर्माकोल. जी दोन-चार चंदेरीतच राहिली होती, त्यांवर बिल स्टेपल केलेलं! पिन आरपार गेली की बाहेरच्या चार्जला, म्हणजे घासून साठलेल्या स्टॅटिक विजेला, आत यायला वाटच मिळते.

स्टॅटिक मोजायचं मीटर थर्माकोलजवळ धरलं, आकडा काही हजार व्होल्टवर गेला. मामांना झटका बसला नव्हता, म्हणून त्यांचा विश्वास बसेना. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. नाजूक आयसी १०० व्होल्टच्या आतही मरू शकतो.

गुलाबी पिशवीत एक रसायन मिसळलेलं असतं. ते पृष्ठभागावर येऊन हवेतला ओलावा धरतं, म्हणून घासून चार्ज फारसा तयार होत नाही. एवढंच तिचं काम. बाहेरून येणारी ठिणगी ती अडवत नाही. ते चंदेरीतला ॲल्युमिनियमचा पातळ थर करतो. त्यात पिशवी जुनी झाली की रसायन संपत जातं आणि हवा कोरडी असली तर उरलेलंही उपयोगाचं नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी तिला ओलावा मिळणार कुठून?

अण्णा क्षणभर थांबले. "म्हंजे सूत तुटू नये म्हणून आपण शेडमधी फवारा मारतो, तसंच की हे."

मीटर दाखवून मला अर्धा तास लागला असता, ते त्यांनी एका वाक्यात पकडलं. शेडमध्ये हवा ओली, तिथं कार्ड टिकायचं. मरायचं ते स्टोअरच्या कपाटात.

थर्माकोल त्याच दिवशी बाहेर गेलं. चंदेरी पिशवीचं तोंड दुमडून टेप लावायची, लेबल बाहेरून चिकटवायचं, पिन बंद. त्या कपाटातली जी कार्डं टेबलावर चालली, त्यांची गॅरंटी मात्र मी दिली नाही. अर्धवट दुखावलेला आयसी टेस्टिंगमध्ये पास होतो आणि महिन्यानं दगा देतो.

निघताना अण्णा म्हणाले, "चंदेरी पिशव्या बिलात धरू नका हां."

धरल्या.