लायसन्सवरचा शेरा

आमच्या दोन दहाचाकी गाड्या आहेत. दिवाळीनंतर कापूस निघाला की पांढरकवड्याहून रुईच्या गाठी भरून नागपूरच्या फेऱ्या सुरू होतात. मागच्या हंगामात ऐन गर्दीत ड्रायव्हर सोडून गेला आणि मी घाईघाईत नवा ठेवला. लायसन्स पाहिलं. मुदत होती, हेवीची नोंद होती. "अजून काय पाहता भाऊ, कार्ड तं साफ हाय," तो म्हणाला.

कार्ड खरंच साफ होतं.

सतराव्या दिवशी पहाटे वडनेरच्या अलीकडे त्यानं एका बंडीला मागून धडक दिली. बंडीवाले काका वाचले, एक बैल जागीच गेला. मी पोचलो तेव्हा दुसरा बैल मोडक्या बंडीशेजारी उभा होता, कोणी ओढलं तरी हलत नव्हता. ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत होता. बैलाचे पैसे मी दिले, ते देणं माझं कामच होतं. पण पेरणीला जोडी लागते, आणि सरावाची जोडी बाजारात मिळत नाही.

संध्याकाळी त्याच्या जुन्या मालकाला फोन लावला. "दारूपायी कोर्टात दंड भरला होता न त्यानं. तुम्ही इचारलंच नाही."

बाबांचं लायसन्स लहान पुस्तकासारखं होतं, मागे कोरी पानं. ती शेऱ्यासाठी, असं ते सांगायचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ही सोय आजही आहे. चालकाला अपात्र ठरवलं तर कलम २४ प्रमाणे तो आदेश आणि गुन्हा लायसन्सवर नोंदवायचा. पुढे तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर कलम २५ प्रमाणे कोरं लायसन्स मागता येतं. सुधारायला वाव ठेवणारा हा कायदा मला मनापासून पटतो. पण शेरा दिसला तर ना! कॅमेऱ्याचं चालान तर गाडीच्या नंबरवर, म्हणजे माझ्या नावावर येतं. स्टेअरिंगवर कोण होतं ते त्यात नसतं.

माझा भाचा इंग्लंडात डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. तिथं वेग वाढला की लायसन्सवर किमान तीन पॉइंट चढतात, तीन वर्षांत बारा झाले की सहसा गाडी चालवणं बंद. दारूची नोंद अकरा वर्षं राहते. कामावर घेताना मालकानं त्याच्याकडून २१ दिवस चालणारा एक कोड घेतला आणि सगळी नोंद स्वतः तपासली. २०१५ पासून तिथं हे सगळं ऑनलाइनच आहे.

यंदा मी नव्या ड्रायव्हरला शेजारी बसवून ई-चालानच्या साइटवर त्याचाच लायसन्स नंबर टाकायला लावला. काही निघालं नाही. तेवढ्यावर न थांबता त्याच्या आधीच्या दोन्ही मालकांना फोन केले. बावीस वर्षांत एकही अपघात नाही, असं दोघांनीही सांगितलं. ही बावीस वर्षंही त्या कार्डावर कुठे नाहीत. मी ती माझ्या लेटरहेडवर लिहून, सही-शिक्का मारून त्याच्या हातात दिली.