कोव्हेंट्रीतली ४५ मिनिटं

यूके टूरमध्ये कोचच्या ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, टॅकोग्राफमध्ये, म्हणजे गाडीतल्या नोंदयंत्रात, सगळं नोंदलं जातं, तिथे गयावया चालत नाही. लेक डिस्ट्रिक्टहून लंडनला येताना एम-६ मोटरवेवर ट्रॅफिक लागलं, ब्रेक कोव्हेंट्रीजवळ येणार असं दिसलं, म्हणून टूर मॅनेजर या नात्याने मी ड्रायव्हरला विनवून सर्व्हिस स्टेशनऐवजी गावात गाडी थांबवायला लावली. एरवी आमच्या आयटिनररीत कोव्हेंट्री नाहीच. शॉपिंगला तीन तास देतात आणि याला पाच मिनिटंही नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालेलं कॅथेड्रल, भिंती तशाच उभ्या, वर उघडं आभाळ. तिथे ब्राँझमधलं जोडपं आहे, गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या मिठीत. जोसेफिना दे व्हास्कोन्सेलोस या बाईंचं काम, त्यांची कित्येक वर्षं लेक डिस्ट्रिक्टमध्येच गेली. नवऱ्याला शोधत युरोप पायी ओलांडलेल्या एका बाईची बातमी वाचून त्यांना हे सुचलं, म्हणून १९७७ साली ब्रॅडफर्ड युनिव्हर्सिटीसाठी केलं तेव्हा नाव होतं 'रीयुनियन', म्हणजे पुनर्भेट, पुढे 'रिकन्सिलिएशन', म्हणजे समेट, झालं. युद्ध संपून ५० वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, एक प्रत इथे आली आणि एक हिरोशिमाला गेली.

हेडकाउंटला एक कमी. धावत परत गेले तर एक काकू पुतळ्यापाशीच.

"अगं, दोघांचे गुडघे बघ एकमेकांपासून किती लांब आहेत. दोघं पुढे झुकलेत, एकाला काढलं तर दुसरा पडेलच की." मग हळूच म्हणाल्या, "ह्यांना घेऊन येऊ का?"

काका गुडघ्यांमुळे कोचमध्येच बसून होते. कोच दहा मिनिटं लांब. मी घड्याळ बघितलं आणि नाही म्हणाले. लंडनचं डिनर बुकिंग चुकलं असतं, पस्तीस माणसं उपाशी, कारण खोटं नव्हतं. पण व्हीलचेअर डिकीत होती, आणि आदल्याच दिवशी कुणाचा तरी चार्जर शोधायला मी सगळी गाडी वीस मिनिटं थांबवली होती. काकू काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने चालायला लागल्या.

रात्री जेवताना त्या काकांना फोनवर फोटो दाखवत होत्या. काकांनी झूम करकरून बघितला, मग मला हाक मारली, "बाळा, त्याचा हात नेमका कुठे आहे गं? पाठीवर की मानेवर? यात दिसत नाहीये."

कोव्हेंट्री आणि हिरोशिमा मिळून तो पुतळा मी सात-आठ वेळा तरी बघितलाय. मला सांगता आलं नाही.